कप्तान आला की पोरं दिसेनाशी होतात

पत्र: आमच्या समुद्री साहसपटाचे दोन भाग झाले, तिसऱ्याची पटकथा मी लिहितेय. जुनी पात्रं तीन: साठी ओलांडलेला कप्तान, त्याचा तांडेल आणि बंदरावरची डॉक्टरबाई. नवी तीन: बुडालेल्या जहाजांवर काम करणारी डायव्हर मुलगी, तिचा भाऊ आणि कस्टमचा तरुण अधिकारी. व्हिलन दोन: दुसऱ्या भागात बोटीसकट बुडालेला सावकार, जो या भागात जिवंत निघतो, आणि त्याचा पुतण्या. ड्राफ्ट १६८ पानांचा झालाय. वाचणारे सांगतात, कप्तान आला की पोरं दिसेनाशी होतात, आणि पुतण्या नुसता ओरडतो. निर्मात्यांना कप्तानाची एंट्री मध्यंतराला हवी आहे. शेवटी कप्तान दोन पानांचं भाषण करून बोट मुलीच्या हवाली करतो, तेही त्यांना फार आवडलंय. कुणाला किती सीन द्यावेत, याचं काही गणित असतं का?
एक पटकथाकार, रत्नागिरी

उत्तर:

गणित आहे, पण सीन मोजून ते सुटणार नाही. मोजायचे ते निर्णय. ज्या पात्राने काहीतरी ठरवलं म्हणून पुढचा सीन घडतो, सिनेमा त्या पात्राचा होतो. कप्तानाला दहाच सीन दिले आणि त्या दहाही सीनमध्ये कुठे जायचं, कुणाला वाचवायचं, कधी थांबायचं हे तोच ठरवत राहिला, तर पडदा त्याचाच राहील. मुलीचे चाळीस सीन असूनही ती प्रत्येक वेळी त्याच्या मागून धावत असेल, तर प्रेक्षकाला ती आठवणार नाही. तुमच्या वाचकांनी नेमकं हेच टिपलंय.

या दुखण्याचा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत उघड नमुना म्हणजे 'स्टार वॉर्स'ची तिसरी त्रयी: २०१५ चा 'द फोर्स अवेकन्स', २०१७ चा 'द लास्ट जेडाय' आणि २०१९ चा 'द राइज ऑफ स्कायवॉकर'. १९७७ ते १९८३ मधली ल्यूक, लेआ, हान ही त्रिमूर्ती तीस वर्षांनी परत आणायची, तिच्या शेजारी रे, फिन, पो ही नवी त्रिमूर्ती उभी करायची आणि दोघांनाही पुरेल असा व्हिलन शोधायचा, हे त्यांच्यापुढचं काम होतं. तुमच्यापुढेही तेच आहे, फक्त पैसे कमी. तिन्ही सिनेमे पुन्हा बघा, हातात वही घेऊन. काय जमलं आणि काय बिघडलं, दोन्ही पडद्यावर स्वच्छ दिसतं.

पहिल्या भागाच्या सुरुवातीच्या मसुद्यांवर काम करणाऱ्या मायकेल आर्न्ट यांनी पुढे जाहीरपणे सांगितलेली अडचण तुमचीच आहे: ल्यूक कथेत शिरला की सिनेमा तो ताब्यात घ्यायचा, आणि नव्या नायिकेचं काय होतंय याची फिकीर उरायची नाही. शेवटी ल्यूकला पार अखेरच्या सीनपर्यंत ढकललं गेलं, आणि तिथेही त्याच्या तोंडी एक शब्द नाही. सगळा सिनेमा त्याच्या शोधात, पण शोध घेणारी माणसं नवी. निर्णय नव्यांचे झाले आणि जुन्याचं वजनही शाबूत राहिलं.

या युक्तीची किंमत मात्र असते, आणि ती पुढच्या भागाला मोजावी लागली. ल्यूक इतकी वर्षं गप्प का बसला होता, याचं उत्तर लिहिण्याआधीच त्याला बेटावर नेऊन बसवलं होतं. ते उत्तर दुसऱ्या लेखक-दिग्दर्शकाला, रायन जॉन्सनला, शोधावं लागलं. त्याने दिलेलं उत्तर धाडसी होतं. बऱ्याच चाहत्यांना ते रुचलं नाही. तुम्ही कप्तानाला लांब ठेवणार असाल, तर तो लांब का आहे हे आज, याच ड्राफ्टमध्ये, एका ओळीत लिहून ठेवा. ती ओळ सुचत नसेल तर त्याला लांब ठेवू नका.

आता हान सोलोची एंट्री बघा, कारण तुम्हाला खरी शिकवणी तिथे मिळेल. अर्धा तास उलटून गेल्यावर तो येतो. तोवर रे आणि फिन एकमेकांना भेटलेत, पळालेत, भांडलेत, आणि एक भंगारात पडलेलं जहाज चोरून उडालेत. ते जहाज हानचं आहे. म्हणजे हान स्वतःच्या गोष्टीत नव्या पोरांना घेत नाही, तोच त्यांच्या चालू गोष्टीत पाऊल टाकतो. थोड्या वेळाने जहाजाच्या इंजिनात कुणीतरी बसवलेल्या एका कॉम्प्रेसरचा विषय निघतो, आणि त्याने हायपरड्राइव्हवर ताण येतो हे वाक्य रे आणि हान एकदमच बोलतात. काही सेकंदांचा प्रसंग. कुणी कुणाची स्तुती करत नाही, 'तू माझी वारस' असलं काही म्हणत नाही. दोघांना एकाच यंत्राची एकच खोड माहीत आहे, एवढ्यावर नातं जुळतं. तुमच्याकडे डायव्हर आहे आणि कप्तान आहे. इंजिन, नांगर, ओहोटीची वेळ, खडकाळ तळ, असं दोघांनाही हातातून कळणारं काहीतरी एक निवडा आणि तिथे त्यांची गाठ घाला. आशीर्वादाचे संवाद मग लागणारच नाहीत.

याच सिनेमातल्या पुलावरच्या प्रसंगाचंही असंच. हान आपल्या मुलाला, म्हणजे आता व्हिलन झालेल्या कायलो रेनला, त्याच्या जुन्या नावाने हाक मारतो, मुलगा मुखवटा काढतो, बाप त्याला परत चल म्हणतो, आणि मुलगा त्याला मारतो. जुन्या पात्राचं स्वतःचं अपुरं राहिलेलं काम इथे संपलं. व्हिलन कायमचा घडला. रे आणि फिन हे वरून बघतायत, त्यामुळे आता लढण्याचं कारण त्यांचं स्वतःचं झालं. हानचा जुना साथीदार चुबाका त्याच क्षणी कायलोवर गोळी झाडतो, आणि पुढे बर्फातल्या लढाईत कायलो जखमी आहे म्हणूनच ती अननुभवी पोरं त्याच्यापुढे टिकतात, हेही पटतं. जुन्या पात्राच्या एका सीनने असं तीन-चार ठिकाणी काम केलं, तरच त्याला एवढी मोठी जागा द्यावी.

याच सिनेमात या प्रसंगानंतरची एक चूकही आहे. हान गेल्यावर सगळे तळावर परततात, आणि कायलोची आई लेआ चुबाकाला ओलांडून रेला मिठी मारते. चुबाका आयुष्यभराचा मित्र; रेची आणि लेआची तर आधी भेटही झालेली नाही. दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स यांनी पुढे ही चूक मान्य केली. नव्या नायिकेला मोठं करण्याच्या घाईत जुन्यांचं आपसातलं दुःख तिच्या पदरात टाकलं की प्रेक्षक लगेच बिचकतो. तुमचा तांडेल आणि कप्तान यांच्यात जे आहे, ते मुलीला देऊ नका. तिला तिचं स्वतःचं द्या.

आता कामाला लागा. १६८ पानं म्हणजे ढोबळमानाने पानाला मिनिट धरलं तर पावणेतीन तासांच्या पुढे. 'द लास्ट जेडाय' १५२ मिनिटांचा आहे, आणि त्यात तुमच्या दुप्पट पात्रं आहेत. तुम्ही १३० वर यायला हवं. पण आत्ताच काटछाट सुरू करू नका. आधी ड्राफ्टमधल्या प्रत्येक सीनसाठी एक कार्ड करा. कार्डावर तीनच गोष्टी लिहा: या सीनमध्ये कुणी काय ठरवलं, त्यामुळे पुढे काय बदललं, आणि ठरवणाऱ्याला त्याची काय किंमत पडली. पात्रागणिक पेनाचा रंग वेगळा ठेवा. मग सगळी कार्डं जमिनीवर ओळीने मांडा. कप्तानाच्या रंगाची कार्डं सलग चार आली की त्या जागी पोरं हरवतात. ज्या कार्डावर कुणाचाच निर्णय लिहिता येत नाही, ती बाजूला काढा. पस्तीस-चाळीस पानं तुम्हाला तिथेच सापडतील.

उरलेल्या कार्डांतून मोठी वळणं वेगळी करा, म्हणजे जिथून गोष्ट मागे फिरूच शकत नाही अशी. दोन-सव्वादोन तासांच्या सिनेमाला साधारण तेरा ते सोळा पुरतात. त्यांतली सहा-सात मुलीची हवीत, तीन-चार पुतण्याची, दोन भाऊ आणि अधिकारी मिळून, आणि जुन्या तिघांची मिळून दोन, फार तर तीन. हा आकडा बघून निर्मात्यांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण १९७७ च्या मूळ सिनेमात व्हिलन डार्थ व्हेडर १२१ मिनिटांपैकी जेमतेम १२ मिनिटं दिसतो, आणि लोकांना तोच आठवतो. दोन वळणं कप्तानाला भरपूर झाली, फक्त ती खरीखुरी वळणं हवीत.

जुन्या तिघांना समान वागणूक द्यायची नाही. एकाला पूर्ण प्रवास, एकाला एक सीन, आणि एकाला या भागात सुट्टी, असा हिशेब ठेवा.

पूर्ण प्रवास कप्तानाचा. त्यासाठी त्याला स्वतःची गरज हवी, नुसतं गुरुपद पुरत नाही. २०१५ च्या 'क्रीड'मध्ये म्हातारा बॉक्सर रॉकी आधी शिकवायलाच नकार देतो. पुढे त्याला कॅन्सर निघतो आणि तो उपचार घ्यायचे नाकारतो, कारण बायकोचे हाल त्याने पाहिलेत. मग नवा मुलगा त्याला अडवतो: मी लढायचं असेल तर तूही लढ. इथे नव्याने जुन्याला हलवलं, आणि त्यामुळे नवा मोठा झाला. या भूमिकेसाठी रॉकी साकारणाऱ्या सिल्व्हेस्टर स्टॅलोनला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. 'सहायक' हा शब्द निर्मात्यांना आवर्जून दाखवा. चाळीस वर्षं नायक असलेल्या रॉकीची शान त्याने कमी झाली नाही. तुमच्या कप्तानाला मुलीकडून काय हवंय? सध्याच्या ड्राफ्टमध्ये काहीच नाही, त्याला सगळं येतं आणि सगळं ठाऊक आहे. त्याला आता खोल पाण्यात उतरता येत नाही, नजर अधू झालीय, किंवा दुसऱ्या भागातल्या त्या बुडण्यात त्याच्या हातून कुणी खलाशी सुटला होता आणि तो त्या जागी पुन्हा गेलेला नाही, यातलं एक घ्या. एकच घ्या. मग मुलगी जिथे बुडी मारते तिथे तो जाऊ शकत नाही, आणि निर्णय आपोआप तिच्या हाती येतो.

एक सीन डॉक्टरबाईंचा. 'टॉप गन: मॅव्हरिक' (२०२२) मध्ये नायक मॅव्हरिकचा जुना प्रतिस्पर्धी आइसमन एकाच मोठ्या सीनमध्ये आहे. व्हॅल किल्मर यांना घशाच्या कॅन्सरमुळे बोलणं अवघड झालं होतं, आणि पटकथेने तेच पात्राचं वास्तव केलं: आइसमन बरंचसं संगणकावर टाइप करून बोलतो. पण तो सीन केवळ भावनेसाठी नाही. मॅव्हरिकला नोकरीत सांभाळून घेणारा वरिष्ठ तोच आहे. पुढे तो वारतो, ते छत्र जातं, आणि मॅव्हरिकला मोहिमेवरून दूर केलं जातं. एका सीनचं पात्र, आणि कथेचा कणा त्याच्यावर टेकलेला. डॉक्टरबाईंना असं काहीतरी द्या. बंदरावर पुतण्याची माणसं कप्तानाला हात लावत नाहीत, ती बाईंच्या शब्दामुळे. बाई गेल्या की ते अभय संपलं. आत्ता त्यांचे नऊ सीन आहेत असं धरलं, तर आठ जातील आणि त्या जास्त लक्षात राहतील.

तांडेलाला या भागात सुट्टी द्यावी असं मला वाटतं. दोन संवादांत त्याचा उल्लेख येऊ दे, एखादी वस्तू राहू दे. तो कप्तानाच्या शेजारी उभा असला की कप्तानाला बोलायला माणूस मिळतो, आणि मग मुलीशी बोलायची गरजच उरत नाही. दोन जुनी पात्रं एकत्र आली की ती जुन्या गोष्टी काढतात; माणसं करतात तसंच. 'ज्युरासिक वर्ल्ड: डोमिनियन' (२०२२) मध्ये जुने तिघे एका वाटेने आणि नवे दुसऱ्या वाटेने चालतात, ते शेवटच्या टप्प्यापर्यंत भेटतच नाहीत. दोन सिनेमे एकमेकांना चिकटवल्यासारखं झालं ते त्यामुळे. तांडेल ठेवायचाच असेल तर त्याला मुलीच्या भावाबरोबर बांधा, कप्तानाबरोबर नको.

एक गोष्ट मात्र टाळू नका. जुने तिघे एका चौकटीत बघायची प्रेक्षकाची इच्छा खरी असते, तिला कमी लेखू नका. नव्या त्रयीत ल्यूक, लेआ आणि हान तिघं मिळून एकाही सीनमध्ये नाहीत. पहिल्या भागात हान मारला गेला, दुसऱ्याच्या शेवटी ल्यूक गेला. लेआला तिसऱ्या भागात मध्यवर्ती जागा द्यायचा बेत होता, आणि कॅरी फिशर डिसेंबर २०१६ मध्ये वारल्या. तिसऱ्या भागातली लेआ आधीच्या चित्रीकरणातल्या न वापरलेल्या तुकड्यांतून उभी करावी लागली. तिची वाक्यं ठरलेली, समोरच्यांची वाक्यं त्यांना जुळवून लिहिलेली. ते सीन बघताना हा सांधा जाणवतो. वयस्क नटांच्या बाबतीत 'हे पुढच्या भागासाठी राखू' असं कधीच म्हणायचं नाही. तिघांची भेट हवी असेल तर याच भागात, पहिल्या तासात, दीड पानात घ्या, आणि ती भेट कशावर तरी बिनसू द्या. तांडेल तिथूनच निघून गेला तर त्याच्या सुट्टीचं कारणही मिळेल.

व्हिलनकडे येऊ या, कारण माझ्या मते तुमच्या ड्राफ्टची मुख्य गोम सावकारात आहे, कप्तानात नव्हे.

सावकाराला जिवंत करू नका. 'द लास्ट जेडाय'मध्ये मधेच कायलोचा मालक स्नोक मारला गेला आणि कायलो रेन एकटा सर्वोच्च झाला. तिसऱ्या भागाला फार मोठी संधी होती: नव्यांचा व्हिलन, नव्यांच्या वयाचा, ज्याची जखम प्रेक्षकाने पाहिलीय. त्याऐवजी १९८३ मध्ये व्हेडरने खोल विवरात फेकलेला सम्राट पॅल्पटिन परत आणला. त्याचं परतणं सिनेमाच्या सुरुवातीच्या सरकत्या मजकुरात सांगून टाकलंय. त्याची घोषणा तर सिनेमाआधी 'फोर्टनाइट' या व्हिडिओ गेममध्ये ऐकवली गेली. तो कसा वाचला याला पो एका वाक्यात उडवतो. याने तीन नुकसानं झाली. व्हेडरने जीव देऊन केलेलं काम पुसलं गेलं. कायलो पुन्हा दुय्यम झाला. आणि रेला पॅल्पटिनची नात ठरवावं लागलं, म्हणजे नव्या नायिकेची ओळखही जुन्या भांडणातून आली. एका मेलेल्याला उठवण्यासाठी तीन जिवंत पात्रं खर्ची पडली. तुमच्याकडे हुबेहूब हेच होणार आहे: दुसऱ्या भागाच्या शेवटाला अर्थ राहणार नाही, आणि पुतण्याला ओरडण्यापलीकडे काम उरणार नाही. तो ओरडतो याचं कारणच हे आहे, की त्याच्या हातात ठरवण्यासारखं काही नाही. सगळं काका ठरवतो.

सावकाराचं जे राहू शकतं ते ठेवा. २०१५ मध्ये व्हेडर परत आला तो वितळलेल्या शिरस्त्राणाच्या रूपात, आणि त्याच्यासमोर बोलणाऱ्या नातवामुळे, म्हणजे कायलोमुळे, ते भयंकर वाटलं. सावकाराची देण्याघेण्याची वही बुडालेल्या बोटीत आहे असं करा. बंदरावरच्या निम्म्या घरांची कर्जं त्यात आहेत. पुतण्याला ती हवीय, कारण ती नसेल तर त्याला कुणी वारस मानत नाही. मुलीला ती हवीय, कारण तिच्या बापाचं नाव त्यात आहे. पाण्याखाली जाऊन ती काढू शकणारी एकटी तीच. बघा, काकाला एकही संवाद न देता तो सगळ्या सिनेमाभर पसरला, आणि नायिका व व्हिलन एकाच वस्तूपाशी येऊन ठेपले.

पुतण्याला मग तीन-चार खरे निर्णय मिळतात. पहिला निर्णय चुकीचा पण समजण्यासारखा असू द्या. २०१८ च्या 'ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'मध्ये नायकांची अख्खी फलटण असूनही कथा व्हिलन थॅनोस ओढतो, कारण तोच ठरवतो, शोधतो, आणि आपल्या लाडक्या मुलीचा बळी देतो. पात्रं जास्त असली की व्हिलन एकच ठेवून त्याला गाडा ओढू द्यावा, हा मला सगळ्यांत भरवशाचा मार्ग वाटतो. व्हिलन वाढवले की काय होतं ते 'स्पायडर-मॅन ३' (२००७) मध्ये दिसतं: तीन जण, आणि निर्मात्याच्या आग्रहाने आलेला व्हेनम उभा राहीपर्यंत सिनेमा संपत आलेला.

नव्या तिघांपैकी भाऊ आणि कस्टमचा अधिकारी यांचे संवाद नावं झाकून वाचा. कोण बोलतंय हे पाच जागी ओळखता आलं नाही, तर दोघांचा एक माणूस करा: मुलीचा भाऊच कस्टममध्ये नोकरीला. वेगळे ठेवायचे असतील तर कप्तानाच्या दंतकथेकडे दोघांनी वेगवेगळ्या नजरेने बघायला हवं. एकाचा तिच्यावर पूर्ण विश्वास, दुसऱ्याकडे फायलीत त्याच कप्तानाचे गुन्हे. फिन २०१५ मध्ये का लक्षात राहिला? तो शत्रूच्या सैन्यातून पळालेला शिपाई होता, ती जागा दुसऱ्या कुणाची नव्हती. पुढच्या भागांत ते सूत्र सुटलं. २०१९ मध्ये त्याला रेला काहीतरी सांगायचं असतं, आणि ते सिनेमा संपेपर्यंत सांगितलंच जात नाही. 'रोज टिको' नावाची तंत्रज्ञ मुलगी दुसऱ्या भागात महत्त्वाची, तिसऱ्यात मिनिटभराच्या आसपास. दुसरा भाग वेगळ्या हातात गेला, तिसरा पुन्हा एब्रम्सकडे आला, आणि तिन्ही भागांचा पक्का आराखडा आधी नव्हता, त्याचा हा परिणाम. म्हणून चौथा भाग होणार असो वा नसो, प्रत्येक जिवंत पात्रासाठी दोन ओळी आजच लिहा: या भागाच्या शेवटी ते कुठे आहे आणि त्याचं काय अपुरं आहे. तो कागद तुम्ही गेलात तरी निर्मात्यांकडे राहायला हवा.

आता मध्यंतर. निर्मात्यांची मागणी धुडकावू नका, त्यांना टाळ्यांची जागा हवीय आणि ती रास्त आहे. पण एंट्रीवर मध्यंतर झालं की प्रेक्षक चहा घेताना कप्तानाबद्दल बोलतो, आणि उत्तरार्ध त्याचाच होऊन बसतो. शिवाय तोवरचा तासभर तो येण्याची वाट बघण्यात जातो. पोरांवर लक्षच बसत नाही. एंट्री ३५ ते ४० पानांच्या दरम्यान घ्या, मुलगी आणि अधिकारी आधीच अडचणीत सापडलेले असताना. ती दणक्यात घ्या, संगीत वाजू दे, निर्माते खूश होतील. मध्यंतर ६५ च्या सुमारास, आणि तिथला निर्णय मुलीचा, तोही कप्तानाचा सल्ला मोडून: तो म्हणतो भरती ओसरेपर्यंत थांब, ती थांबत नाही. तिचं पुढे निम्मं बरोबर आणि निम्मं चूक निघावं. पूर्ण बरोबर निघाली तर कप्तान मूर्ख ठरतो, आणि जुन्याला मूर्ख ठरवून मोठं केलेलं नवं पात्र लोक स्वीकारत नाहीत.

शेवटचं दोन पानांचं भाषण काढावंच लागेल. तो बोट 'देतो' तोवर बोट त्याचीच असते. क्लायमॅक्समध्ये मुलीने ती न विचारता बाहेर काढावी, बोटीचं काहीतरी मोडावं, आणि अखेरीस कप्तानाने फक्त काय मोडलं ते विचारावं. १९७७ मध्ये ल्यूकचा गुरू ओबी-वानही सुरुवातीच्या पटकथेत व्हेडरशी झालेल्या झुंजीतून वाचत होता. पण पुढे त्याला काही काम नाही हे लक्षात आल्यावर त्याला तिथेच संपवलं गेलं, आणि शेवटचा नेम ल्यूकला एकट्याने साधावा लागला. कप्तानाला मारा असं मी म्हणत नाही. शेवटची पंधरा पानं त्याचा हात मुलीपर्यंत पोचू नये, एवढी व्यवस्था करा.

क्रम असा ठेवा: आधी कार्डं, मग पुतण्याचा ट्रॅक सलग एकट्याचा लिहून काढा, मग मुलीचा, त्यानंतर कप्तानाचा. तिघांचे ट्रॅक एकमेकांत विणा आणि सगळ्यांत शेवटी संवादांना हात घाला. नवा ड्राफ्ट झाला की नटांशिवाय वाचन ठेवा. त्यात कप्तानाच्या ओळी सपाट आवाजात वाचणाऱ्या माणसाला द्या, कारण ओळखीच्या नटाचा आवाज कानात असला की पोकळ सीनही भरलेला वाटतो. त्या सपाट वाचनात ज्या सीनचं काहीच उरणार नाही, तो सीन काढून टाका.